गोव्यात राहून शिक्षणाच्या अर्थशास्त्रात पीएच. डी. कशी करावी

शिक्षणाचे अर्थशास्त्र हा विषय गोव्यातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला एम. ए.च्या एखाद्या ऐच्छिक पेपरापुरता, नाहीतर विकासाच्या अर्थशास्त्रातील एका प्रकरणापुरता येतो, बी. एड. करून शिक्षकी पेशात आलेल्यांच्या वाट्याला तर तेवढाही येत नाही. म्हणून या विषयात पीएच. डी.साठी नाव नोंदवण्याआधी त्याची हद्द समजून घेणे आवश्यक आहे. मूल वर्गात कसे शिकते हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न झाला. शाळेवर, शिक्षकांच्या पगारावर, बसवर, शिकवणीवर आणि मुलाच्या वेळेवर होणारा खर्च कोण उचलतो, त्यातून कोणाच्या पदरात काय पडते, आणि तोच पैसा दुसऱ्या रीतीने खर्च केला असता तर अधिक काही हाती लागले असते काय, हे या विषयाचे प्रश्न आहेत. गोव्यात राहून, बहुधा नोकरी सांभाळून, असा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

प्रवेशाचे दार आणि मार्गदर्शक

हा प्रबंध अर्थशास्त्र शाखेतून करता येतो, तसाच शिक्षणशास्त्र शाखेतूनही करता येतो. विषयाचे नाव दोन्हीकडे एकच असले तरी परीक्षकांच्या अपेक्षा मात्र फार वेगळ्या असतात. अर्थशास्त्राचा परीक्षक कारण आणि परिणाम यांचा संबंध कसा सिद्ध केला ते आधी पाहतो. शिक्षणशास्त्राचा परीक्षक शाळेची, अभ्यासक्रमाची आणि धोरणाची जाण किती आहे हे तपासतो. ज्यांनी एम. ए.ला संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीच्या विश्लेषणाचे शास्त्र) मनापासून केली आहे, त्यांनी अर्थशास्त्राकडेच जावे. एम. एड. झालेल्या आणि गणिताशी फारसे सख्य नसलेल्या शिक्षकांनी शैक्षणिक वित्तव्यवस्था किंवा खर्चाचे विश्लेषण असा विषय घेऊन शिक्षणशास्त्रातून नोंदणी केली, तर त्यात काहीही कमीपणा नाही.

गोव्यात १९८५ साली स्थापन झालेले गोवा विद्यापीठ हा पहिला पर्याय आहे. ताळगाव पठारावरील या विद्यापीठात अर्थशास्त्र हा विषय आता गोवा बिझनेस स्कूलमध्ये शिकवला जातो. झुआरीनगरला बिट्स पिलानीच्या गोवा परिसरातही अर्थशास्त्राचा विभाग आहे. या विषयाची खास परंपरा असलेल्या संस्था मात्र गोव्याबाहेर आहेत. नवी दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक योजना आणि प्रशासन संस्था, म्हणजे नीपा, हे भारतातील या अभ्यासाचे मुख्य केंद्र होय, जंध्याला बी. जी. तिलक यांनी शिक्षणावरील सार्वजनिक खर्च आणि विषमता यांविषयी केलेले काम तेथूनच पुढे आले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील झाकीर हुसेन शैक्षणिक अभ्यास केंद्र, पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था आणि मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था या ठिकाणीही चौकशी करावी. पूर्ण वेळ देता येत असेल आणि वय पंचविशीच्या आसपास असेल, तर बाहेर जाणेच अधिक श्रेयस्कर, असे माझे मत आहे, कारण पहिल्या दोन वर्षांत आजूबाजूला त्याच विषयावर वाद घालणारे सहाध्यायी असणे ही ग्रंथालयापेक्षाही मोठी सोय आहे. संसार, नोकरी आणि घर गोव्यात असेल, तर मात्र येथेच नोंदणी करून या उणिवेची भरपाई कशी करायची याचा विचार करावा.

पात्रतेचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांत दिलेले आहेत. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण, ही मूळ अट असून राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. किमान कालावधी ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात, तर महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यावर २ वर्षांची वाढीव मुदत मिळू शकते. महिला विद्यार्थ्यांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. अर्धवेळ पीएच. डी.ला या विनियमांत स्पष्ट मान्यता आहे, परंतु त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. अनुदानित उच्च माध्यमिकात शिकवणाऱ्यांनी हे प्रमाणपत्र अर्ज भरण्याच्या बऱ्याच आधी मागून ठेवावे, कारण संस्थेकडून खात्याकडे आणि खात्याकडून परत संस्थेकडे कागद फिरायला वेळ लागतो.

२०२४ पासून नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो: कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, सहायक प्राध्यापक पदाची पात्रता, आणि केवळ पीएच. डी. प्रवेशाची पात्रता. शेवटच्या दोन गटांतील उमेदवारांच्या बाबतीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन दिले जाते, आणि पीएच. डी. प्रवेशापुरते ते गुण एक वर्षच ग्राह्य असतात. त्यामुळे परीक्षा कधी द्यायची आणि विद्यापीठाची प्रवेशसूचना कधी निघते, याचा मेळ घालूनच तयारीला लागावे. अधिछात्रवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. ती न मिळाल्यास भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या डॉक्टरल अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज करता येतो.

मार्गदर्शक निवडताना पदापेक्षा काम पाहावे. प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी एका वेळी घेता येतात, आणि ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणजे आधीच बरीच नावे गळतात. उरलेल्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात विनामूल्य उपलब्ध असतात. त्यांतील दोन-तीन प्रबंधांची पद्धतीची प्रकरणे वाचली की मार्गदर्शकाची शिस्त चटकन लक्षात येते. शिक्षणाच्या अर्थशास्त्रातच काम केलेला मार्गदर्शक गोव्यात मिळेलच असे नाही. अशा वेळी श्रमाच्या किंवा विकासाच्या अर्थशास्त्रात आकडेवारी हाताळलेला मार्गदर्शक घ्यावा आणि संशोधन सल्लागार समितीत शिक्षणाचा जाणकार असावा अशी विनंती करावी. विषयाचे वाचन स्वतः करता येते, पद्धतीची शिस्त मात्र कोणाच्या तरी हाताखालीच लागते.

पहिल्या वर्षात काय शिकावे

नियमानुसार कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम अनिवार्य आहे. एवढ्यावर या विषयाचा प्रबंध उभा राहत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. पहिले वर्ष स्वतःच्या अभ्यासक्रमाचे वर्ष समजून खालील टप्प्यांनी जावे.

सुरुवात मानवी भांडवलाच्या सिद्धांतापासून करावी. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात शिक्षणावरील खर्चाला गुंतवणूक म्हणून मांडले, गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये त्याची सैद्धांतिक चौकट बांधली, आणि जेकब मिन्सर यांनी १९७४ मध्ये उत्पन्न, शिक्षणाची वर्षे आणि कामाचा अनुभव यांना एका समीकरणात बसवले. त्या समीकरणात वेतनाचा लॉगॅरिदम घेतला जातो. त्यामुळे शिक्षणाच्या वर्षांचा सहगुणक ०.०८ आला, तर शालेय शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे वेतन साधारण ८ टक्के अधिक आढळते, असे वाचता येते. यालाच विरोध करणारा मायकेल स्पेन्स यांचा १९७३ चा युक्तिवाद सोबतच वाचावा: पदवीने माणसाची उत्पादकता वाढतच नसेल, ती आधीपासून असलेल्या कुवतीची खूण मालकापर्यंत पोचवण्याचे काम तेवढे करीत असेल. तसे असेल, तर महाविद्यालयांवर सरकारने केलेल्या खर्चाचे मोल वेगळेच ठरते. गोव्यातील पदवीधर बेरोजगारीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने आपण या दोहोंपैकी कोणत्या बाजूने बोलत आहोत हे आधी ठरवायला हवे.

त्यानंतर येतो या अभ्यासाचा सर्वांत अवघड भाग. अधिक शिकलेले लोक अधिक कमावतात हे कोणीही दाखवू शकतो. पण अधिक शिकणारे मूळचेच अधिक हुशार, अधिक सधन घरचे किंवा शहराजवळचे असतील, तर तो फरक शिक्षणामुळे पडला असे म्हणता येत नाही. हा पेच सोडवण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ अशा घटनेचा शोध घेतात, जिच्यामुळे काहींना शिक्षण अधिक मिळाले आणि काहींना कमी, पण ते त्यांच्या स्वतःच्या कुवतीमुळे किंवा इच्छेमुळे नव्हे. एस्तेर द्युफ्लो यांनी २००१ मध्ये इंडोनेशियाचा अभ्यास याच रीतीने केला: १९७३ नंतरच्या काही वर्षांत तेथील सरकारने ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या, जिथे शाळा कमी होत्या तिथे त्या अधिक बांधल्या, आणि म्हणून त्या भागांतील लहान मुलांची तुलना शाळेचे वय निघून गेलेल्या मुलांशी करता आली. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लावी यांनी इस्रायलमध्ये ४० विद्यार्थ्यांची वर्गमर्यादा ओलांडली की वर्ग फुटतो, या नियमाचा उपयोग करून वर्गाच्या आकाराचा परिणाम मोजला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी बिहारमधील शाळकरी मुलींसाठीच्या सायकल योजनेचा परिणाम शोधताना शेजारच्या झारखंडशी आणि त्याच वयाच्या मुलग्यांशी तुलना केली. हे तीन अभ्यास पानापानाने वाचावेत, त्यांची कोष्टके कशी रचली आहेत ते पाहावे, आणि प्रत्येक लेखकाने स्वतःच्याच निष्कर्षावर कोणत्या शंका घेतल्या आहेत त्यांची टिपणे काढावीत. प्रयोगाची पद्धत समजून घेण्यासाठी मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’ संस्थेबरोबर झालेला, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वेगळे शिकवणाऱ्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास आपल्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल.

वाचनाबरोबर हातही चालला पाहिजे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची, म्हणजे पीएलएफएसची, व्यक्तिनिहाय आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येते. ती आर किंवा स्टाटा या प्रणालीत आणून सर्व भारतासाठी मिन्सरचे समीकरण स्वतः बसवावे, वजने लावावीत, आणि मग तेच फक्त गोव्यासाठी करून पाहावे. तसे केले की गोव्याच्या आकड्यांभोवतीचा विश्वासांतराल, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याचा संभव असतो तो पट्टा, किती रुंद होतो हे दिसते. पुढील सारा विचार याच निरीक्षणावर आधारलेला आहे.

प्रश्न कसा निवडावा

देशव्यापी नमुना सर्वेक्षणांत गोव्याच्या वाट्याला फार थोडी कुटुंबे येतात. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. एवढ्या लहान राज्यातून नमुनाही लहानच निघणार. तो तालुका, वय, लिंग आणि शिक्षण यांनी विभागला की एकेका खणात मोजकी माणसे उरतात. राष्ट्रीय आकडेवारीतून ‘गोव्यातील शिक्षणाचा परतावा’ काढून त्यावर धोरणाच्या शिफारशी करणारा प्रबंध म्हणूनच कच्चा राहतो. यावर आपल्याकडे सर्रास काढला जाणारा तोडगा म्हणजे दोनशे-तीनशे शिक्षकांना किंवा पालकांना प्रश्नावल्या वाटणे, त्यांची मते पाच बिंदूंच्या मापावर घेणे आणि दोन गोष्टींचा संबंध तपासणारी काय-वर्ग चाचणी लावून प्रकरण संपवणे. अशा प्रबंधांवर पदवी मिळते, परंतु त्यांतून शिक्षणाच्या अर्थशास्त्राचा एकही प्रश्न सुटत नाही, कारण लोकांना काय वाटते आणि प्रत्यक्षात काय घडते यांत अंतर असते, आणि अर्थशास्त्राला दुसऱ्याशी कर्तव्य आहे.

गोव्याच्या लहानपणाचा उलटा फायदा घेता येतो. येथे नमुना काढण्याची गरजच नाही. राज्यातील प्रत्येक शाळेची नोंद घेता येते. यू-डाइस या देशभरातील शाळांच्या माहितीच्या प्रणालीत शाळावार पट, शिक्षक, वर्गखोल्या आणि माध्यम यांची वर्षावर्षाची माहिती आहे, दहावी-बारावीच्या परीक्षांचे निकाल गोवा शालान्त मंडळाकडे आहेत, अनुदानाच्या नोंदी शिक्षण खात्याकडे आहेत, आणि या बहुतेक कचेऱ्या पर्वरीला एकमेकांच्या जवळ आहेत. उत्तर प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला ज्यासाठी मोठा निधी आणि माणसे लागतील, ते गोव्यातील एकटा विद्यार्थी दोन वर्षांत हाताने जुळवू शकतो. माझा सल्ला असा, की प्रश्न निवडताना या संपूर्ण नोंदीतून ज्याचे उत्तर निघेल असाच प्रश्न घ्यावा, आणि त्यासाठी ज्या तारखेला राज्यात एखादा नियम किंवा परिस्थिती बदलली, ती तारीख शोधून तिच्या अलीकडे-पलीकडे पाहावे.

अशा तारखा गोव्यात विपुल आहेत. १९९० मध्ये सरकारने प्राथमिक स्तरावर प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण घेतले आणि त्यानंतर चर्चसंस्थेच्या अनेक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. या दोन निर्णयांवर गोव्यात रस्त्यावर आंदोलने झाली, निवडणुका रंगल्या, अग्रलेखांचा ढीग पडला. परंतु अनुदानाचे दार उघडल्यावर जवळच्या मराठी सरकारी प्राथमिक शाळेचा पट किती आणि किती वेगाने घसरला, ज्या गावात अनुदानित इंग्रजी शाळा नव्हती तिथे काय झाले, आणि पालकांचा फीवरील खर्च खरोखर कमी झाला की तो बस आणि शिकवणीकडे वळला, हे मोजण्याजोगे प्रश्न आहेत. हा विषय घेणाऱ्याने एक पथ्य पाळावे: भाषेच्या वादात आपली स्वतःची बाजू असेल, तर ती अभ्यासाचा आराखडा लिहून होईपर्यंत बाजूला ठेवावी, आणि आपल्या बाजूविरुद्ध निष्कर्ष निघाला तर तो कोणत्या कोष्टकात दिसेल हे आधीच लिहून ठेवावे.

दुसरी तारीख खाणबंदीची. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्च २०१८ पासून परत बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोडा या पट्ट्यात ट्रक, बार्ज, गॅरेज आणि खानावळी यांवर चालणाऱ्या घरांचे उत्पन्न एकाएकी आटले. पेडणे किंवा काणकोणात तसे झाले नाही. मग खाणपट्ट्यातील मुलांनी अकरावीला विज्ञान शाखा सोडली काय, खासगी शाळेतून सरकारी शाळेत बदल्या वाढल्या काय, मुलींचे पदवीपर्यंतचे शिक्षण तुटले काय, की ट्रकवरची कमाईच संपल्याने मुलगे शाळेत अधिक काळ टिकले? शेवटची शक्यता मुद्दाम नोंदवली आहे. शिक्षणाच्या अर्थशास्त्रात उत्पन्नाचा परिणाम आणि वेळेच्या किमतीचा परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात, आणि खाणीच्या भरभराटीत दहावीनंतर थेट कामाला लागलेल्यांची संख्या ज्यांना आठवते, त्यांना ही शक्यता विचित्र वाटणार नाही.

येथे तंत्राची एक अडचण सांगायला हवी, कारण परीक्षक ती हमखास विचारतात. गोव्यात तालुके १२ आहेत. खाणपट्टा आणि बाकीचा गोवा अशी तुलना तालुक्यांच्या पातळीवर केली, तर प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातील अनिश्चिततेचे माप, काढण्यासाठी फक्त १२ समूह उरतात, आणि इतक्या थोड्या समूहांवर नेहमीची समूहनिहाय प्रमाण त्रुटी विश्वासार्ह राहत नाही. नसलेला परिणाम आहे असे भासू शकते. त्याच आकडेवारीतून पुन्हापुन्हा नमुने बनवून अनिश्चितता मोजणारी वाइल्ड बूटस्ट्रॅप ही रीत अशा वेळी वापरतात आणि ती शिकून घ्यावीच. त्याहून चांगले म्हणजे विश्लेषण ग्रामपंचायतीच्या पातळीवर न्यावे. पंचायती १९१ आहेत, आणि एकाच तालुक्यात खाणीला लागून असलेली आणि खाणीपासून दूर असलेली अशी दोन्ही गावे सापडतात, त्यामुळे तुलना अधिक न्याय्य होते. त्याबरोबरच २०१२ पूर्वीच्या वर्षांत दोन्ही बाजूंच्या पटाची वाटचाल समांतर होती हे आलेखाने दाखवावे. ती समांतर नसेल, तर विषय बदलण्याची हीच वेळ असते.

अनुदानित शाळांना बस देणारी बालरथ योजना हा तिसरा चांगला विषय आहे, आणि बिहारच्या सायकल योजनेच्या अभ्यासाशी त्याची थेट सांगड घालता येते. एक सावधगिरी मात्र घ्यावी. बालरथामुळे त्या शाळेचा पट वाढला असे आढळले, तरी ती मुले शिक्षणाबाहेरून आली की शेजारच्या सरकारी शाळेतून उचलली गेली हे वेगळे करावे लागते, आणि राज्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींचे मोल सारखे नाही. शिक्षणहक्क कायद्यातील शिक्षकसंख्येच्या पायऱ्यांवर, म्हणजे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तीन, यांवर आधारित अभ्यास कागदावर आकर्षक दिसतो, पण गोव्यातील बऱ्याच सरकारी प्राथमिक शाळांचा पट त्या पायरीच्या आसपासही नसतो. त्यापेक्षा अत्यल्प पटाच्या शाळेत एका मुलामागे होणारा खर्च आणि ती शाळा जवळच्या शाळेत विलीन केल्यावर लहान मुलांवर पडणारा प्रवासाचा भार, यांचा हिशेब एकत्र मांडणारे काम अधिक उपयोगी ठरेल.

आकडे मिळवणे

शाळावार माहिती मागताना प्रश्नाचा आराखडा, मार्गदर्शकाचे पत्र, विद्यापीठाचे शिक्के आणि नेमक्या कोणत्या वर्षांचे कोणते रकाने हवे आहेत त्याची एका पानाची यादी, एवढे घेऊन जावे. ‘शिक्षणविषयक सर्व माहिती मिळावी’ असे लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. रकाने मोजून मागणाऱ्याला संबंधित कारकून बहुधा मदत करतो. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांतून जुनी पटपत्रके अजून सापडतात, आणि १९९० च्या अभ्यासासाठी तीच कामी येतील. माहितीचा अधिकार हा शेवटचा उपाय ठेवावा: तो हक्काचा आहे, परंतु त्याने मिळालेली माहिती तुटक असते आणि ज्या कचेरीकडे पुन्हा जायचे आहे तिथले संबंध अवघडतात. मंडळाकडून निकाल घेताना नावे आणि आसनक्रमांक काढून टाकलेली प्रतच मागावी. विद्यार्थ्यांची ओळख पटेल अशी माहिती आपल्या संगणकावर ठेवूच नये, आणि शाळांची नावेही प्रबंधात सांकेतिक क्रमांकांनी द्यावीत. गोव्यात गावाचे नाव आणि पट सांगितला की शाळा कोणती हे कोणीही ओळखतो.

घरगुती खर्चासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची शिक्षणावरील ७५ वी फेरी, जी २०१७-१८ मध्ये झाली, पार्श्वभूमी म्हणून वापरावी, आणि प्रत्यक्ष गोव्यातील माहिती हवी असेल तर मर्यादित क्षेत्रात स्वतःचे कुटुंब सर्वेक्षण करावे. असे सर्वेक्षण करताना मते विचारण्यापेक्षा व्यवहार विचारावेत: मागच्या महिन्यात शिकवणीला किती दिले, बस किंवा रिक्षाला किती, शाळेने कशाकशाचे वेगळे पैसे घेतले. वर्षाचा एकूण खर्च विचारला की माणसे गोल आकडा सांगतात. बाबवार आणि जूनपासून सुरुवात करून विचारले की आठवण नीट लागते. प्रश्नावली मराठी आणि कोकणी अशा दोन्ही भाषांत आधीच लिहून ठेवावी, मुलाखत घेणाऱ्याच्या ऐनवेळच्या भाषांतरावर सोडू नये, आणि सासष्टी किंवा बार्देशमधील घरांसाठी रोमी लिपीतील प्रतही सोबत असू द्यावी.

उत्पन्नाचा अभ्यास करणाऱ्यांनी गोव्यातील एका गटाकडे विशेष लक्ष द्यावे. जहाजांवर काम करणारे तारवटी आणि आखातात गेलेले लोक दीर्घकाळ घरी नसतात, आणि सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर असणारा माणूस कुटुंबाचा सदस्य म्हणून गणला जात नाही. म्हणजे दहावी-बारावीनंतर जहाजावर गेलेल्याची कमाई आकडेवारीतून निसटते आणि त्याच शिक्षणाचा गावात राहिलेला, कमी कमावणारा सोबती तेवढा मोजला जातो. परिणामी कमी शिक्षणाचा परतावा गोव्यात खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि पदवीचा फायदा फुगतो. राष्ट्रीय आकड्यांतून हा दोष काढता येत नाही. आपल्या सर्वेक्षणात मात्र बाहेर असलेल्या सदस्यांचे शिक्षण, वय आणि घरी येणारी रक्कम विचारण्यासाठी वेगळा भाग ठेवता येतो.

लेखन, समिती आणि सादरीकरण

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. तिथे पूर्ण प्रकरणे नेण्यापेक्षा एक कोष्टक आणि एक शंका नेली, तर चर्चा कामाची होते. प्रबंध इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रकरणाचा युक्तिवाद आधी मराठीत दोन पानांत मांडून पाहावा. तिथे जो दुवा सुटतो तो इंग्रजीत केवळ झाकला जातो. अर्धवेळ विद्यार्थ्यांनी दहावी-बारावीच्या परीक्षा आणि तपासणीचे महिने लेखनासाठी धरूच नयेत आणि मे महिना तसेच गणेशचतुर्थीची सुट्टी आकडेवारीची सफाई करण्यासाठी राखून ठेवावी, कारण त्या कामाला सलग दिवस लागतात.

प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची राष्ट्रीय सक्ती २०२२ च्या विनियमांनी काढली आहे, आणि आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये रद्द झाली. मात्र विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती नोंदणीच्या दिवशीच विचारून घ्यावी. पैसे भरून पंधरवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. दर्जेदार नियतकालिके वाचण्यासाठी जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना लागू आहे, त्यामुळे गोवा विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने ग्रंथालयातून आपले खाते लगेच उघडून घ्यावे. साहित्यचोरीच्या तपासणीत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. पद्धतीचे प्रकरण दुसऱ्या प्रबंधावरून उतरवून घेणारे येथेच अडकतात.

सादरीकरणाआधी समितीपुढे खुले भाषण होते, त्यानंतर संस्थेबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे प्रबंध जातो आणि शेवटी जाहीर तोंडी परीक्षा होते. त्या परीक्षेसाठी तीन गोष्टींची तयारी ठेवावी: तुलनेसाठी निवडलेली गावे किंवा शाळा खरोखर तुलनायोग्य का आहेत, आकडेवारीत कोण सुटले आहे, आणि निष्कर्ष गोव्याबाहेर कुठवर लागू होतो. विश्लेषणाच्या आज्ञावली क्रमवार टिपांसह जपून ठेवाव्यात आणि एकाच आज्ञेने सर्व कोष्टके पुन्हा तयार होतात काय हे सादरीकरणाच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर करून पाहावे. पदवी मिळण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठामार्फत शोधगंगेवर जाते. तिच्याबरोबर शाळांची ओळख काढून टाकलेली, पंचायतवार जुळवलेली आकडेवारीही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करावी, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला पर्वरीच्या फेऱ्या पहिल्यापासून माराव्या लागणार नाहीत.